वचन ज्याचं, शब्द त्याचा

आमच्या भागातल्या एका शाळेत (नाव कशाला हवं, पुण्यात अशा पन्नास शाळा निघतील) स्काऊटच्या दीक्षाविधीवरून, म्हणजे वचन देऊन पथकात दाखल व्हायच्या कार्यक्रमावरून, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर खडाजंगी चालली होती. निमित्त एवढंसं. सहावीतल्या एका मुलाच्या वडिलांनी स्काऊटच्या सरांना चिठ्ठी दिली: आमच्या घरी देव मानत नाहीत, तेव्हा वचनातला 'ईश्वर' हा शब्द आमच्या मुलाला म्हणायला लावू नये. चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर पडला आणि वर्षभर 'उद्या गणवेश कुठला?' यापलीकडे ज्यांनी काही लिहिलं नव्हतं त्यांनाही कंठ फुटला. एक बाजू म्हणाली, आज देव नको म्हणतात, उद्या देशही नको म्हणतील; पटत नसेल तर मुलाला बुद्धिबळाला घाला. दुसऱ्या बाजूने संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचा अर्धाच कापलेला स्क्रीनशॉट टाकला आणि शाळेतल्या सगळ्याच प्रार्थना बंद करा म्हणून मागणी केली. तिसऱ्या दिवशी विषय औरंगजेबावर गेला, म्हणजे आपल्याकडचा कुठलाही वाद शेवटी जिथे मुक्कामाला जातो तिथेच. ज्या मुलावरून हे सगळं चाललं होतं त्याला कुणी काही विचारलं असेल असं वाटत नाही.

मी त्या ग्रुपवर आहे, कारण माझा नातू त्याच पथकात आहे. पन्नास वर्षांपूर्वी मीही खाकी हाफ पँट घालून, गळ्यात स्कार्फ अडकवून हेच वचन दिलेलं आहे. मी आस्तिक माणूस. आषाढीचा उपास धरतो, पालखी पुण्यात यायच्या दिवशी आळंदी रोडला जाऊन उभा राहतो. तरीही त्या वडिलांची मागणी मला रास्त वाटते, आणि सगळ्याच प्रार्थना बंद करा म्हणणाऱ्यांची वाटत नाही. वचनात ईश्वर राहावा. पण ज्याच्या तोंडी तो खरा नाही त्याच्यावर लादू नये, त्याला त्याच्या मनाला पटेल असा शब्द द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. गंमत अशी की याची अर्धी सोय आधीपासूनच आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या वचनाला एक टीप जोडलेली असते, की इच्छा असेल तर 'ईश्वर' ऐवजी 'धर्म' म्हणता येईल. आठवडाभर भांडलेल्या माणसांपैकी एकानेही ती ओळ काढून दाखवली नाही. देवासाठी भांडणाऱ्यांनी नाही आणि संविधानासाठी भांडणाऱ्यांनीही नाही.

आता ते वचन नीट पाहू. उजवा हात वर, अंगठ्याने करंगळी दाबलेली, मधली तीन बोटं सरळ. तीन बोटं म्हणजे वचनाचे तीन भाग: ईश्वर आणि देश यांच्याविषयीचं कर्तव्य, इतरांना मदत, आणि स्काऊटच्या नियमांचं पालन. हे वचन मूल स्वतःच्या शीलावर देतं. जामीन कुणी नाही, दंड काही नाही. त्यापाठोपाठ नियम येतात, आपल्याकडे नऊ. अमेरिकेतल्या बाल-स्काऊटांच्या नियमात बारा गुण आहेत आणि त्यातला शेवटचा श्रद्धाळूपणाचा आहे. आपल्या नऊ नियमांत सौजन्य आहे, धैर्य आहे, काटकसर आहे, प्राण्यांशी मैत्री आहे, देवाचं नाव मात्र एकदाही नाही. आणि पहिला नियम काय? स्काऊट विश्वसनीय असतो. म्हणजे ज्या चळवळीची पहिली अट 'तुझ्या शब्दावर आम्ही विसंबू शकू' ही आहे, तिच्यात शिरताना पहिल्याच वाक्यात मुलाने मनात नसलेलं बोलावं, अशी आपली अपेक्षा आहे. देव न मानणाऱ्या मुलाने 'ईश्वर' म्हटलं तर देवाचं काही बिघडत नाही. बिघडतो तो पहिला नियम.

यावर सगळ्यात खणखणीत उत्तर माझ्या शेजाऱ्याने दिलं. तो म्हणाला, "अहो, पोरं कुठे एवढा विचार करतात? पाठ्यपुस्तकातली प्रतिज्ञा म्हणतात तसंच हेही म्हणतात. तुम्ही मोठे उगाच त्यात तत्त्वज्ञान घुसडता." हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. रोज सकाळी ओळीत उभं राहून 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' म्हणणारी आणि पाच मिनिटांनी बाकावरच्या जागेवरून बांधवाची कॉलर धरणारी पिढी आपणच वाढवली, आपणही तेच केलं. पण या युक्तिवादाचं टोक कुठे जातं ते बघा. मुलं विचार करतच नसतील तर मग ईश्वरही कशाला आणि वचनही कशाला? आणि दीक्षाविधी हा रोजच्या परिपाठासारखा नसतोच. वर्गातली प्रतिज्ञा सगळे एका सुरात म्हणतात, त्यात एखादा ओठ हलला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दीक्षाविधीत मूल सरांसमोर एकटं उभं असतं, बाकीचं पथक घोड्याच्या नालासारखं वळून बघत असतं. ते वाक्य त्याच्या एकट्याच्या आवाजात येतं. मी गेल्या वर्षी बघितलं, एक मुलगी ऐन वाक्यात थांबली, आवंढा गिळला, आणि मग पुढचं म्हणाली. ती विसरली होती की अडली होती, मला सांगता येणार नाही. पण अकरा वर्षांचं मूल विचार करत नाही, हे मला त्या दिवसापासून पटत नाही.

दुसरं उत्तर असं की संस्थापकानेच ईश्वर घातला, तर तुम्ही काढणारे कोण? हेही खरं आहे, आणि खरं आहे तर पूर्ण कबूल करावं. १९०७ साली ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर भरवणाऱ्या बेडन-पॉवेलनी पुढच्याच वर्षीच्या पुस्तकात लिहिलं, की देवावर विश्वास न ठेवणारा आणि त्याचे नियम न पाळणारा माणूस फारसा कामाचा नाही, म्हणून प्रत्येक स्काऊटला धर्म असावा. जागतिक स्काऊट संघटनेच्या मूलतत्त्वांतही ईश्वराविषयीचं कर्तव्य आजतागायत पहिलं आहे. तेव्हा 'स्काऊट मुळात निधर्मीच होतं' असं जे आमच्या ग्रुपवर कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं, ते खोटं आहे. पण संस्थापकाचा शब्द शेवटचा मानला असता तर भारतात भारतीय मुलांचं स्काऊटिंग उभंच राहिलं नसतं. १९०९ मध्ये बेंगळुरूला सुरुवात झाली ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होतं. म्हणून अॅनी बेझंटबाईंनी १९१६ मध्ये मद्रासला वेगळी संघटना काढली, आणि पाठोपाठ मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीचे स्काऊट उभे केले. पुढे १९३७ च्या भारतभेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याबद्दल जे उद्गार काढले त्यांवरून लोक संतापले, बाहेर पडले, आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन जन्माला आली. आपण या गृहस्थांकडून तंबू घेतला, गाठी घेतल्या, संघनायकाची पद्धत घेतली, डाव्या हाताने हस्तांदोलन घेतलं. त्यांचा गोऱ्या कातडीचा अहंकार घेतला नाही. काय ठेवायचं आणि काय बदलायचं ते आपण तेव्हाही ठरवलं होतं.

यातल्या कुंझरूंपाशी मला जरा थांबायचं आहे, कारण पुण्यातल्या या वादात त्यांचं नाव कुणाला आठवू नये याची मला खंत वाटते. पंडित हृदयनाथ कुंझरू हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद, पुढे अनेक वर्षं त्याचे अध्यक्ष. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेला हा समाज. डेक्कनकडच्या त्याच्या आवारात आज गोखले इन्स्टिट्यूट आहे, तिथून आपण रोज ये-जा करतो. भारतीय स्काऊटिंगचे हे धुरीण घटना समितीतही होते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामथ यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करावी म्हणून दुरुस्ती मांडली. राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी होते. देवाला मतदानाला टाकू नका म्हणून विनवण्या झाल्या, कामथ हटले नाहीत, शेवटी मतदान झालंच: बाजूने ४१, विरोधात ६८. त्या दिवशी दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांत कुंझरू होते. त्यांचं म्हणणं असं, की जी भावना माणसाच्या अगदी आतली आणि पवित्र आहे ती सगळ्यांच्या वतीने जाहीर करणं हा संकुचितपणा आहे, आणि तो संविधानाच्या वृत्तीशी विसंगत आहे. हा माणूस देवाचा शत्रू नव्हता. एकाची श्रद्धा दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेणं त्यांना पटत नव्हतं. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९५० ला, वेगवेगळ्या स्काऊट संघटना एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली आणि तिच्या उभारणीत कुंझरू आघाडीवर होते. कुणी म्हणेल, मग त्यांच्या हयातीत वचनात ईश्वर होताच की! होता. तत्त्व त्यांचं आहे, निष्कर्ष माझा आहे. त्याचं ओझं मी त्यांच्यावर टाकत नाही.

त्याच घटना समितीने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली, आणि ती आपण प्रत्येक शपथविधीला टीव्हीवर बघतो. राष्ट्रपतींपासून आमदारापर्यंत शपथ घेणाऱ्या प्रत्येकाला दोन वाटा आहेत: एक 'ईश्वरसाक्ष' शपथेची, दुसरी देवाचं नाव न घेता 'गांभीर्यपूर्वक' प्रतिज्ञा करण्याची. कुणी कुठली निवडली यावर ना बातमी होते ना दंगल. ज्याच्या सहीने हजारो कोटींचे निर्णय होतात त्याच्या शब्दावर आपण देवाविना विश्वास ठेवतो. मग ज्याला अजून तंबूची खुंटी नीट ठोकता येत नाही त्याच्याचकडून ईश्वराची हमी का मागायची?

'पटत नसेल तर येऊ नका, ऐच्छिक आहे' हा ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे मिळालेला मुद्दा. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट संघटनेने नेमकं हेच कोर्टात मांडलं होतं. इलिनॉय राज्यातल्या एका लहानग्याला देवाविषयीचं वचन द्यायला नकार दिल्याबद्दल प्रवेश मिळाला नाही, बाप कोर्टात गेला, आणि १९९३ मध्ये अपील कोर्टाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला: खासगी मंडळ आहे, कुणाला घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. ठीक. पण आपल्याकडचं स्काऊटिंग खासगी मंडळ आहे का? ते शाळेच्या मैदानावर, शाळेच्या वेळात, शाळेच्या शिक्षकाच्या हाताखाली चालतं. त्याच्या सर्वोच्च पुरस्काराला राष्ट्रपतींचं नाव आहे. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काऊट-गाईडांसाठी वेगळा कोटा आहे. ज्या दारातून सरकारी नोकरीची वाट जाते त्या दारावर 'ईश्वर मानणाऱ्यांनाच प्रवेश' अशी पाटी लावता येईल का? तिकडच्या त्या खासगीपणाचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. त्यांच्या सभासदांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मॉर्मन चर्चच्या पथकांचा होता. २०१९ च्या अखेरीस चर्चने अंग काढून घेतलं आणि एका फटक्यात लाखो मुलं गेली. धर्माच्या टेकूवर छप्पर उभं केलं की टेकू हलवायचा अधिकार धर्मसंस्थेकडे जातो.

आता थोडं महाराष्ट्राबद्दल. 'ईश्वर' हा शब्द सगळ्यांना चालेल इतका गुळगुळीत आहे, त्यात कुठल्या एका धर्माचा देव नाही, असं आपल्यापैकी पुष्कळांना मनापासून वाटतं. मलाही वाटायचं. पण २०११ च्या जनगणनेत या राज्यात ६५ लाखांवर बौद्ध आहेत. देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन इथले. जैन १४ लाख. दोन्ही परंपरांत जग निर्माण करून ते चालवणारा ईश्वर नाही. म्हणजे इथे हा प्रश्न चार नास्तिक प्राध्यापकांच्या पोरांचा नाही, वर्गातल्या दोन-तीन बाकांचा आहे. आणि पुण्याला तर या शब्दाशी झगडल्याचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये इथेच सत्यशोधक समाज काढला. ते देव मानत होते, पण पुरोहिताच्या हातात सापडलेला शब्द त्यांना नको होता, म्हणून त्यांनी 'निर्मिक' हा शब्द रूढ करायचा प्रयत्न केला. आगरकर तर अज्ञेयवादी. फर्ग्युसनचे प्राचार्य होते आणि याच शहरात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. आगरकरांना आपण आज स्काऊटमध्ये घेऊ का? सत्यासाठी पगाराची, प्रकृतीची आणि लौकिकाची पर्वा न करणारा माणूस 'विश्वसनीय' या कसोटीवर नापास करायचा असेल तर कसोटीच बदललेली बरी.

इथपर्यंत वाचून दुसऱ्या बाजूचे वाचक माना डोलावत असतील. त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते एका शिबिरापासून सुरू होतं. सत्तरचं दशक, खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी तीन दिवस. पहाटे साडेपाचला शिटी, दात वाजवत ओळीत उभं राहायचं, ध्वजारोहण, आणि मग सर्वधर्म प्रार्थना. सरांनी सायक्लोस्टाइल केलेला कागद आणला होता, त्याची शाई बोटांना लागायची. गीतेचे श्लोक, कुराणातला पहिला अध्याय, येशूची प्रार्थना, नवकार मंत्र, सगळं देवनागरीत. वाटप कसं झालं? आडनावावरून. शेख म्हणून एक मुलगा होता, कुराण त्याच्याकडे. त्याने कागद बघितला आणि म्हणाला, "सर, मला हे येत नाही, आमच्या घरी अब्बा नमाज पढतात, मी झोपलेला असतो." तरी त्याच्याकडेच आलं, आणि त्याने ते आमच्यासारखंच अक्षर लावत, अडखळत वाचलं. सगळे हसले, तोही हसला. येशूची प्रार्थना म्हणायला ख्रिश्चन मुलगा नव्हता, म्हणून ती माझ्याकडे आली. तिच्यातलं 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' हे वाक्य मला फार आवडलं होतं, कारण पोटात कावळे ओरडत होते आणि भाकरी खरोखरच चुलीवर होती. मागच्या ओळीत एक कांबळे होता. त्याने विचारलं, "सर, आमचं?" कागदावर बौद्धांचं त्रिसरण नव्हतं. सर गोंधळले. "तू गीता म्हण," म्हणाले. तो गीता म्हणाला नाही, रागावलाही नाही. नुसता उभा राहिला.

हे सांगताना मला सरांना दोष द्यायचा नाही. तो माणूस स्वतःच्या पैशाने आम्हाला शेंगदाणे आणि गूळ आणायचा. पण सर्वधर्म प्रार्थनेत काय चुकतं ते मला त्या सकाळी कळलं: आडनाव बघून मुलाला त्याच्या धर्माचा प्रतिनिधी नेमला की तो प्रतिनिधी होतो आणि मूल राहत नाही. आणि काय बरोबर असतं तेही तिथेच कळलं. माझ्या वाड्यात, माझ्या शाळेत, माझ्या बापाच्या मित्रांत कुराणातला एक शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो पहिल्यांदा ऐकला तो थंडीने कुडकुडणाऱ्या शेखच्या तोंडून, आणि त्यानंतर तासाभराने आम्ही दोघं एकाच परातीत पीठ मळत होतो. आजच्या पुण्यात हे कुठे होतं सांगा. सोसायट्या जातीधर्माप्रमाणे वेगळ्या, शाळा फीप्रमाणे वेगळ्या, आणि मोबाइलमध्ये तर प्रत्येकाचं जग निराळं. तेव्हा 'प्रार्थनाच काढून टाका' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: काढल्यावर मुलांना दुसऱ्याचा धर्म कळणार कुठून? बातम्यांच्या चर्चेतून?

त्यांचा कायद्याचा मुद्दा मी मान्य करतो, पण पूर्ण वाचून. अनुच्छेद २८ सांगतो की संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत कुणालाही त्याच्या, किंवा तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. स्क्रीनशॉटमध्ये हा 'संमती'चा भाग कापला गेला होता. स्काऊटचं वचन हे 'धार्मिक शिक्षण' ठरतं का, यावर वकील तासन् तास वाद घालतील. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेचं प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पीठाकडे पाठवलं, ते काही उगीच नाही. पण त्याच न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात हेही सांगितलं आहे की धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्माची शिकवण देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शेखकडून मी जे ऐकलं ती माहिती होती. कांबळेला 'तू गीता म्हण' सांगितलं गेलं, तिथे ती रेषा ओलांडली.

शुद्धतेच्या मागे लागलं की काय होतं ते फ्रान्समध्ये बघायला मिळतं. तिथे कॅथलिकांचे स्काऊट वेगळे, प्रोटेस्टंटांचे वेगळे, ज्यूंचे वेगळे, १९९० पासून मुसलमानांचे वेगळे, आणि धर्म अजिबात नको म्हणणाऱ्यांची संघटना १९११ पासूनच वेगळी. कुणावर सक्ती नाही, सगळं स्वच्छ आणि तर्कशुद्ध. या संघटना एका महासंघात एकत्र बसतातही, आणि फ्रेंचांना ते मानवत असेल. पण पुण्यात उद्या चित्तपावन स्काऊट, मराठा स्काऊट, बौद्ध स्काऊट अशी पथकं निघाली (निघतील, आपल्याला वेळ लागत नाही) तर खडकवासल्याच्या त्या परातीत एकत्र पीठ कोण मळणार?

ब्रिटनमध्ये अलीकडे दोन वेगळे प्रयोग झाले आणि त्यांची तुलना आपल्या उपयोगाची आहे. तिथल्या मुलींच्या गाईड संघटनेने २०१३ मध्ये वचनातून देव काढूनच टाकला आणि त्याजागी स्वतःशी प्रामाणिक राहण्याचं आणि स्वतःच्या श्रद्धा घडवण्याचं वचन घातलं. तिथल्या स्काऊट संघटनेने देव ठेवला, मुसलमान आणि हिंदू मुलांसाठी 'अल्ला' आणि 'धर्म' हे पर्याय होतेच, त्यांत २०१४ पासून श्रद्धा नसलेल्यांसाठी स्काऊटच्या मूल्यांचं वचन जोडलं. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. पहिल्यात नास्तिक मुलीची अडचण सुटली, पण आस्तिक मुलीच्या तोंडचा शब्द गेला. आणि 'स्वतःशी प्रामाणिक' हे मला जरा पातळ वाटतं. स्वतःशी प्रामाणिक तर पाकीटमारही असू शकतो. दुसऱ्यात प्रत्येकाला आपापल्या खऱ्या शब्दाने उभं राहता येतं. 'पर्याय दिले की एकी मोडते' असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा विश्रांतवाडीकडे जाऊन यावं. आळंदी रोडवर 'संगम' आहे, जगभरच्या गाईड मुलींच्या पाच जागतिक केंद्रांपैकी एक, १६ ऑक्टोबर १९६६ ला लेडी बेडन-पॉवेलच्या हस्ते उघडलेलं. तिथे कुठल्या कुठल्या देशांतल्या मुली येऊन राहतात, आणि ब्रिटनची मुलगी आली तर तिच्या वचनात देव नसतो आणि तिच्या शेजारी बसलेल्या पुण्याच्या मुलीच्या वचनात असतो. तीन बोटं तीच. डावा हातही तोच. आणि त्याच रस्त्याने दर आषाढी वारीत माउलींची पालखी जाते. देव मानणं आणि न मानणं यांच्यामध्ये एखाद्या फाटकाइतकंच अंतर असू शकतं, आणि तरी कुणाचं काही बिघडत नाही.

राहिलं 'उद्या देशही नको म्हणतील'. १९८५ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढलं. ती यहोवा साक्षी पंथाची. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि निकालाच्या शेवटी लिहिलं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, ती पातळ करू नका. चाळीस वर्षं झाली. देश जागेवर आहे.

मग तिसरा शब्द कोणता? 'धर्म' पुरेसा नाही का? संस्कृतात तो कर्तव्याला जवळ आहे, बौद्ध मुलाला त्यात धम्म ऐकू येईल, जैनालाही परका वाटणार नाही; त्या टीपेत तो शब्द घालणाऱ्यांनी फार विचार केलेला दिसतो. पण मराठीत तो आता फॉर्मवरच्या रकान्यातला शब्द झाला आहे. गांधीजींनी १९३१ मध्ये 'ईश्वर हेच सत्य' हे वाक्य उलटं करून 'सत्य हाच ईश्वर' केलं, ते नास्तिकालाही आत घेता यावं म्हणून. वचनाखालच्या त्या टीपेत 'सत्य' एवढा एक शब्द वाढवावा असं मला वाटतं. संघटनेच्या वरच्या समित्यांना, जागतिक मंजुरीला वेळ लागेल. तोवर दीक्षाविधीच्या आधी सरांनी प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन 'तू काय म्हणणार?' एवढं विचारलं तरी पुष्कळ.

मी विचारून पाहिलं. शनिवारी तो मुलगा नातवाबरोबर आमच्याकडे आला होता, दोघं गच्चीवर दोरी घेऊन बसले होते. मी सांगितलं की तुला 'ईश्वर' ऐवजी 'धर्म' म्हणता येतं. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आजोबा, धर्म म्हणजे कुठला?" मला लगेच काही सांगता येईना. तोवर तो दोरीकडे वळला होता. नातवाची बोलाइनची गाठ पुन्हा सुटली होती.